काचेच्या टाकीतली शर्यत

वलवणला भाऊंच्या वरच्या खोलीत मी राहायला गेलो तो शर्यत हरून. खोली बघायला त्या दिवशी आम्ही दोघे जण आलो होतो. एक मी आणि दुसरा लोणावळ्याच्या एका हॉटेलात काम करणारा तरतरीत मुलगा. नाव, गाव, नोकरी, लग्न झालंय का, मटण खाता का, यातलं काहीही भाऊंनी विचारलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी आम्हा दोघांना टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "त्या धरनाच्या फाटकाला हात लावून या. दोघांनी संगच सुटायचं." मुलाला वाटलं थट्टा आहे, मला वाटलं तब्येत तपासतायत. आम्ही सुटलो. मी परत आलो तेव्हा तो मुलगा चहा पिऊन, कपबशी विसळून, पालथी घालून बसला होता. आता गेली खोली, असं म्हणून मी चप्पल घालायला लागलो, तर भाऊ म्हणाले, "किल्ली ह्या पाव्हन्यास्नी."

मुलाने चिडून कारण विचारलं. भाऊ म्हणाले, "तू लय पळतो. मला खोलीत टिकनारा मानूस पायजे."

हरल्याबद्दल बक्षीस मिळण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकमेव प्रसंग. त्याचा मला अभिमान वाटावा की लाज, याचा निर्णय अजून झालेला नाही.

भाऊ सत्तरीच्या घरातले. उंच, वाळके, खांद्यावर कायम टॉवेल. भातशेती होती, वरची एक खोली भाड्याने द्यायचे. पण मावळात त्यांची ओळख होती ती आवाजाची. जत्रांमधल्या बैलगाडा शर्यतींत ते माइकवर बोलत. गाडा सुटला की शेवटापर्यंतची एक धाव, तिला बारी म्हणतात. ती बारी संपायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्यात भाऊ बैलांची नावं, मालकाचं गाव, मालकाच्या वडिलांचा स्वभाव आणि मागच्या वर्षीचा निकाल, सगळं सांगून मोकळे होत. पुढे तरुण पोरं माइकवर आली आणि भाऊंना घरी बसावं लागलं. आवाज मात्र घरी बसायला तयार नव्हता. दुधाच्या दोन पातेल्यांपैकी आधी कुठलं उतू जातंय, याचंही समालोचन मला वरच्या खोलीत ऐकू यायचं.

जोडीला जोड लावल्याशिवाय त्यांना कुठल्याच वस्तूचा भरवसा वाटत नसे. दोन कुकर एकाच वेळी चढवून आधी शिट्टी कुणाची, ते बघायचे. छत्री घ्यायची तर दोन छत्र्या उघडून दुकानाबाहेर वाऱ्यात धरायच्या. एकदा तर कार्ल्याच्या रस्त्यावर त्यांनी टपरीवाल्याची दोन कलिंगडं उतारावरून सोडली होती. जे पुढे गेलं ते घ्यायचं, असं ठरलं होतं. पुढे गेलेलं एका बसखाली गेलं, त्यामुळे त्याचे पैसे देऊन हरलेलं घरी आणावं लागलं. ते कलिंगड आम्ही दोघांनी मिळून खाल्लं. भाऊ शेवटच्या फोडीपर्यंत मेलेल्याचंच कौतुक करत होते.

मी त्यांना हसायचो. वास्तविक मला हसण्याचा काडीचाही हक्क नव्हता, कारण तुलनेचा रोग मलाही आहे, फक्त माझा बसून करायचा आहे. मी घरबसल्या एका विमा कंपनीचं काम करतो आणि उरलेल्या वेळात वस्तूंची तुलना करतो. साधी खिसणी घ्यायची तरी मी आधी लोकांचे अभिप्राय वाचतो, मग चित्रफिती बघतो, मग कुणाला किती तारे मिळाले ते पाहतो आणि शेवटी आईच्या घरून जुनी खिसणी उचलून आणतो. लग्नाच्या बाबतीतही मी हीच शिस्त पाळली. मी दोन स्थळांचे गुणदोष समोरासमोर मांडत असताना त्या दोन्ही मुलींची लग्नं झाली. त्यातल्या एकीच्या लग्नात मी जेवूनही आलो. जिलेबी बरी होती, मठ्ठा पातळ.

तर असे आम्ही दोघे एका छपराखाली आलो आणि मग त्या छपराखाली माशांची टाकी आली.

त्याला कारण मावशी. म्हणजे भाऊंच्या पत्नी. मी राहायला गेलो तेव्हा त्या घरात नव्हत्याच. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या तळेगावला मुलाच्या फ्लॅटवर गेल्या होत्या. गुडघा बरा झाला तरी त्या परतायचं नाव काढेनात. तिकडे लिफ्ट आहे, सून जीव लावते, हे भाऊंना समजत होतं. त्यांना झोंबलं होतं ते वेगळंच. मुलाच्या हॉलमध्ये माशांची टाकी होती आणि मावशी दिवसभर तिच्यापुढे खुर्ची टाकून बसत.

"पोरापायी राह्यली असती तर मी गप बसलो असतो," भाऊ मला म्हणाले. "नातवंडापायी राह्यली असती तरी काय बोललो नसतो. आवो, येवढ्या वर्साचा संसार, आन् बाई माशापायी राह्यली! फोन केला की म्हनती, मासं बघताना येळ बरा जातो. म्हंजी माझ्यासंगं जात नव्हता का?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण मला खोली सोडायची नव्हती.

गावची जत्रा जवळ आली होती. जत्रेला मावशी येणार होत्या, चार दिवस राहून परत जाणार होत्या. भाऊंच्या मनाने घेतलं की त्यांना परत जाऊ द्यायचं नाही. "बळंच न्हाई ठिवायची," ते म्हणाले. "तिनं आपनहून म्हनलं पायजे, आता मी हितंच." त्यासाठी मुलाच्या टाकीला टक्कर देईल अशी टाकी हवी. पुण्यात असताना मी दोन गोल्डफिश पाळले होते, हे मी कधीतरी बोलून गेलो होतो. त्यातला एक महिनाभरात गेला आणि दुसरा मी घाबरून शेजाऱ्यांना देऊन टाकला, हे सांगायचं राहिलं होतं. तेवढ्या पुण्याईवर मी भाऊंचा मत्स्यतज्ज्ञ झालो.

टाकी लगेच आली. मावशींच्या कॉटसमोर, खिडकीशेजारी मांडली. लोणावळ्याच्या बाजारातून दोन गोल्डफिशही आले. राहिला फिल्टर, आणि तो मी निवडायचा होता.

असा फिल्टर टाकीच्या मागच्या काठावर बाहेरून अडकवतात. छोटा डबा असतो. त्याची नळी पाण्यात सोडायची. ती पाणी वर ओढते, डब्यातल्या स्पंजमधून पाणी गाळलं जातं आणि पुढच्या ओठावरून परत टाकीत पडतं. एवढीच गोष्ट. पण मी तिच्यात शिरलो आणि मला बाहेरची वाट सापडेना. एकाला पाण्याचा जोर कमी-जास्त करायची खुंटी होती, पण स्पंज चिमुकला. दुसऱ्याचा स्पंज चांगला, पण पाणी कमी झालं की पडणाऱ्या धारेचा आवाज वाढतो. तिसरा अगदी शांत, पण वीज जाऊन आली की आपोआप सुरू होत नाही, डब्यात हाताने पाणी ओतावं लागतं. आमच्याकडे हा मुद्दा मोठा. ज्या धरणाच्या पाण्यावर वीज होते त्याला चिकटून राहूनही आमची वीज वाटेल तेव्हा जायची. भाऊ म्हणायचे, "वीज हितं जन्माला येती, पर नांदायला दुसरीकडं."

मी रोज संध्याकाळी खाली येऊन भाऊंना प्रगती सांगायचो. "आता चारच उरलेत," म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सहा व्हायचे. तोपर्यंत बिनफिल्टरच्या टाकीत पाणी गढूळ होत चाललं होतं. मी रोज बादलीने थोडं काढून थोडं नवीन घालत होतो, आणि दोन्ही गोल्डफिश काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत मला ओळखीचा भाव दिसायचा. त्या दोन मुलींचे वडीलही शेवटी शेवटी असंच बघत होते.

"पाव्हनं," एक दिवस भाऊ म्हणाले, "तुमचं बघून हुईस्तवर आमची मंडळी यील, जत्रा करील आन् माघारी जाईल."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारात गेले आणि दोन फिल्टर घेऊन आले. एक काळा, एक पांढरा. मी वाचलेल्या कुठल्याच यादीत ते नव्हते, त्यामुळे मला अतोनात दुःख झालं.

"दोन कशाला, भाऊ?"

"येक आनल्यावर कळनार कसं?" ते म्हणाले. काळ्याचं नाव त्यांनी दुकानातच काळ्या ठेवलं होतं. पांढऱ्याला चंद्या.

मावशी दुसऱ्या दिवशी येणार होत्या. आदल्या दुपारी शर्यत ठरली. मी तज्ज्ञ असल्यामुळे मासे आधी बाहेर काढायचा आग्रह धरला. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यांना त्यात सोडलं, वर ताट अर्धवट झाकलं. टाकीच्या एका टोकाला काळ्या, दुसऱ्या टोकाला चंद्या. मधोमध मूठभर भाताचा कोंडा टाकायचा. ज्याची बाजू आधी साफ होईल तो जिंकला. मी म्हणालो की ही पद्धत शास्त्रीय नाही, पाणी एकच असल्यामुळे दोघांचं काम वेगळं मोजता येणार नाही. भाऊंनी मान डोलावली, टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरला आणि निशाण दाखवतात तसा खाली झटकला.

"सुटली! सुटली! काळ्यानं मान टाकली! आन् चंद्या, चंद्या काय वढतोय मंडळी! वलवनचा चंद्या! कोंड्याचा कन ठेवंना! काळ्या मागं, काळ्या मागं पडला, आरं काळ्या, लाज राख!"

सांगायला संकोच वाटतो, पण मीही उभा राहिलो. मी कुणाच्या बाजूने आहे ते मला माहीत नव्हतं, तरी मी ओरडत होतो. चंद्याची बाजू स्वच्छ होत आली आणि तेवढ्यात वीज गेली. दोन्ही धारा थांबल्या. भाऊ टॉवेल धरून तसेच खिळले. वीज परत आली तेव्हा काळ्याने एक उचकी दिली आणि त्याची धार पुन्हा लागली. चंद्या कोरडाच घरघरत राहिला. त्याच्या डब्यात पाणी ओतायला हवं होतं, ते मला पाठ होतं, पण त्या क्षणी मी काळ्याच्या नावाने ओरडण्यात गुंतलो होतो. काळ्याने कोंडा ओढून संपवला.

मग जे झालं ते विचार करून झालं नाही. जत्रेसाठी आणलेली गुलालाची पिशवी कोनाड्यात होती. जिंकलेल्यावर गुलाल टाकायचा हे भाऊंच्या हातात इतकं मुरलेलं होतं, की बारी संपताच हात पिशवीत गेला आणि मूठ काळ्यावर रिकामी झाली. आणि एक मूठ मीही टाकली. इतके दिवस अभिप्राय वाचून, स्पंजांचे प्रकार पाठ करून, मी माशांच्या पाण्यात गुलाल टाकला. भाऊंनी मग एक चिमूट चंद्याच्याही कपाळी लावली, बिचारा चांगला पळाला होता म्हणून.

टाकी गुलाबी झाली. आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो.

"पाव्हनं," भाऊ हळूच म्हणाले, "ह्ये निवळंल ना उद्यापातूर?"

मी उत्तर द्यायच्या आत दारात मोटार थांबली. मुलाला दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती, म्हणून तो मावशींना आदल्या दिवशीच घेऊन आला होता. त्यांना उतरवून तो तसाच परत गेला. मावशी बारीक चणीच्या, काठी टेकत आल्या. आमच्या दोघांच्या लाल हातांकडे त्यांनी पाहिलं आणि पाणी प्यायला थेट स्वयंपाकघरात गेल्या. ताट सरकवल्याचा आवाज आला.

"आवो," आतून त्यांनी विचारलं, "हे कालवनाला आनलंय का?"

आयुष्यभर माइक गाजवलेला माणूस टॉवेलने हात पुसत राहिला. शेवटी मीच पुढे झालो. "मावशी, ही फिल्टरची तुलनात्मक चाचणी होती," मी म्हणालो.

"आन् गुलाल?"

"तो निकाल."

मावशी टाकीसमोर आल्या. मी चंद्याच्या डब्यात पाणी ओतून त्याला सुरू केलं, आणि दोन्ही बाजूंनी गुलाबी धारा पडायला लागल्या. मावशी कॉटवर टेकल्या, दुखरा पाय लांब केला आणि पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "तो पांढरा बरा हाय. काळा नुसता आवाज करतोय. घरातल्या कुनावानी."

भाऊंचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यांनी घसा खाकरला आणि अगदी खालच्या पट्टीत समालोचन सुरू केलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. जत्रा झाली की न्यायला येतो, म्हणाला. मावशी म्हणाल्या, "ह्यांनी टाकीत समदा गुलाल केलाय. हे पानी निवळंस्तवर बघते, मग सांगते तुला."

भाऊंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. ते कधी वर येत नसत. खुर्चीच्या टोकावर बसले आणि टॉवेलची घडी घालत, मोडत म्हणाले, "पाव्हनं, तुमी येवढं बघितलंय. समद्यात रद्दी फिल्टर कंचा?"

"रद्दी?"

"लय सावकाश पानी साफ करनारा. न्हाईच केलं तर बेस." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पानी निवळलं की ती जानार हाय."

मला भरून आलं, आणि भरून आलेला माझ्यासारखा माणूस काय करणार, तर मी तुलना करायला बसलो. सगळ्यांत वाईट फिल्टर शोधणं हे सगळ्यांत चांगला शोधण्याइतकंच कठीण आहे. प्रत्येकाला कुणीतरी एक तारा देऊन शिव्या घातलेल्या असतात, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी तोच फिल्टर वर्षानुवर्षं चालतोय म्हणून लिहिलेलं असतं. मी दोन निवडले, मग पाच झाले. जत्रा झाली. खाली काळ्या आणि चंद्या चालूच होते. मी स्पंज रोज पिळत होतो, रंग शोषणारी कोळशाची पुडी डब्यात टाकली होती, मासे पातेल्यात ताज्या पाण्यात मजेत होते.

आणि तरीही पाणी काही निवळेना. संध्याकाळी जवळजवळ साफ दिसायचं, सकाळी पुन्हा गुलाबी. भाऊ खूश होते, पण त्यांनाही उमजत नव्हतं. माझ्यातला तज्ज्ञ मात्र दुखावला गेला होता. मला भाऊंचाच संशय आला. मी सरळ विचारलं. त्यांनी टाकीच्या काठावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळ्याची आन. मी हात लावला न्हाई."

म्हणून मी एके दिवशी पहाटे लवकर खाली आलो. भाऊ शेतावर गेले होते. टाकीपुढे मावशी उभ्या होत्या. डाव्या हातात काठी, उजव्या हाताची चिमूट पाण्यावर. चिमटीतून गुलाल सावकाश खाली पडत होता. स्वयंपाकात मीठ घालावं तसा, अंदाजाने, जास्त नाही. मला बघून त्या दचकल्या नाहीत. हात पदराला पुसला.

मला अतोनात आनंद झाला. मी म्हणालो, "मावशी, जायचं नसेल तर सरळ सांगून टाका ना भाऊंना. त्यांचा जीव टांगणीला लागलाय."

"आता सांगितलं तर दुपारपातूर गावभर वरडून सांगतील, पोराच्या टाकीला हरवलं म्हनून," त्या म्हणाल्या. "सांगीन. सवडीनं सांगीन."

दोन्ही डबे गुलाबी पाणी वर ओढत होते. मावशींनी खुर्ची जवळ ओढली, गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला आणि बसल्या.

"लगीन हून आल्यापासनं परत्येक जत्रेला ह्यांच्या कापडातला गुलाल धुतला, पाव्हनं. शर्यत कशी आस्ती ती कदी बघितली न्हाई. आता धुऊ द्या की त्या दोघांस्नी. मी बसून बघते."